बुटांच्या खोक्यातला विश्वचषक

मौल्यवान वस्तू जपावी कशी, याचे आपल्याकडच्या जुन्या बायकांपाशी एक पक्के शास्त्र होते. पाटल्या आणि गोठ तिजोरीत न ठेवता तांदळाच्या डब्यात खुपसायचे, कारण चोर आधी कपाट फोडतो आणि डबे उपसत बसायला त्याला सवड नसते. फुटबॉलच्या विश्वचषकाचा इतिहास वाचताना मला हे शास्त्र वारंवार पटत जाते. कोणत्या सामन्यात कोणी किती गोल केले, यापेक्षा त्या चषकाने मैदानाबाहेर काय काय सोसले, हीच हकिकत मला अधिक रंजक वाटते.

पहिली स्पर्धा 1930 साली उरुग्वेमध्ये झाली. तिच्यासाठी आबेल लाफ्लर या फ्रेंच शिल्पकाराने पंख उंचावलेली ग्रीक विजयदेवता घडवली. सुमारे 35 सेंटिमीटर उंचीची ही मूर्ती चांदीची होती, वर सोन्याचा मुलामा होता आणि खाली लाजवर्दी निळ्या दगडाचा पाया होता. स्पर्धेची कल्पना नेटाने तडीस नेणारे, फिफा या जागतिक फुटबॉल महासंघाचे अध्यक्ष ज्यूल रिमे यांनी ती आपल्या सामानातून ‘काँते वेर्दे’ या जहाजावरून अटलांटिकपार नेली. त्याच जहाजावर फ्रान्स, बेल्जियम आणि रुमानियाचे संघही होते. अंतिम सामन्यात अर्जेंटिना आणि उरुग्वे यांचे चेंडूवरून एकमत होईना, तेव्हा पूर्वार्ध अर्जेंटिनाच्या आणि उत्तरार्ध उरुग्वेच्या चेंडूने खेळवण्यात आला. मध्यंतराला अर्जेंटिना 2-1 ने पुढे होता आणि शेवटी उरुग्वेने 4-2 असा विजय मिळवला. ज्याचा चेंडू त्याची सरशी, हा गल्लीतल्या क्रिकेटचा नियम इतक्या वरच्या पातळीवरही लागू पडावा याची गंमत वाटते.

पुढे 1934 आणि 1938 साली इटली जिंकली आणि चषक रोममधल्या एका बँकेत जाऊन पडला. मग महायुद्ध सुरू झाले. जर्मन सैन्याच्या हाती तो लागू नये म्हणून इटालियन फुटबॉल महासंघाचे ओत्तोरिनो बारास्सी यांनी तो गुपचूप बँकेतून काढला, घरी आणला आणि बुटांच्या खोक्यात घालून पलंगाखाली सरकवून दिला. सारे युरोप बेचिराख होत असताना विजयदेवता चामड्याच्या वासात पडून राहिली आणि सुखरूप वाचली. त्या घरातल्या कोणी केर काढताना ते खोके बाजूला सारले असेल का, हा प्रश्न इतिहासकारांना पडत नाही. मला मात्र पडतो.

याच्या अगदी उलट प्रकार लंडनमध्ये घडला. 1966 सालची स्पर्धा इंग्लंडमध्ये व्हायची होती आणि त्यापूर्वी वेस्टमिन्स्टरच्या सेंट्रल हॉलमध्ये टपाल तिकिटांच्या प्रदर्शनात चषक मांडला होता. त्याचा 30 हजार पौंडांचा विमा उतरवलेला होता आणि पहारेकरीही नेमलेले होते. तरीही 20 मार्च रोजी, रविवारी, तो नाहीसा झाला. चोराने लाखो पौंडांच्या तिकिटांना हातसुद्धा लावला नाही. खंडणीचे पत्र आले, एका मध्यस्थाला अटक झाली, पण चषक काही मिळेना. तो आठवडाभराने सापडला दक्षिण लंडनमध्ये, वर्तमानपत्रात गुंडाळलेला, एका कुंपणाच्या झुडपाखाली, आणि शोधणारा होता पिकल्स नावाचा पाळीव कुत्रा. स्कॉटलंड यार्डची अब्रू अशी एका मिश्र जातीच्या कुत्र्याने सांभाळली, पण पोलिसांनी आधी संशय घेतला तो त्याच्याच मालकावर. पुढे इंग्लंडने स्पर्धा जिंकल्यावर पिकल्सला विजयाच्या मेजवानीचे आमंत्रण मिळाले, आणि मालकाला मिळालेले बक्षीस खेळाडूंच्या वाट्याला आलेल्या मानधनापेक्षा मोठे होते. मला तरी त्यात काही गैर वाटत नाही.

तीनदा जिंकणाऱ्या देशाने चषक कायमचा ठेवून घ्यावा, असा नियम होता. 1970 साली मेक्सिकोतल्या अंतिम सामन्यात ब्राझील आणि इटली या दोघांच्याही नावावर दोन-दोन विजय होते. ब्राझीलने 4-1 ने सामना जिंकला आणि चषक रिओ दि जानेरोला गेला. तिथल्या फुटबॉल महासंघाने त्यासाठी गोळीलाही दाद न देणारी काच लावलेली पेटी केली. काच भक्कम होती, परंतु पेटीची मागची बाजू लाकडी होती. 19 डिसेंबर 1983 च्या रात्री चोरांनी काचेच्या वाटेला न जाता मागची फळी उचकटली. तो चषक पुन्हा कोणाला दिसला नाही. तो वितळवून सोन्याच्या विटा पाडल्या, असे पुष्कळ वेळा सांगितले जाते, पण चांदीतून सोन्याच्या विटा कशा निघणार, याचा विचार सांगणारे करत नाहीत.

सध्याचा चषक इटलीच्या सिल्व्हियो गझानिगा यांनी घडवला आणि 1974 पासून तो दिला जातो. तो 18 कॅरट सोन्याचा असून वजन सहा किलोंहून थोडे अधिक भरते. आता तो कोणाही देशाला कायमचा मिळत नाही. विजेत्यांना घरी न्यायला सोन्याचा मुलामा दिलेली प्रतिकृती मिळते. विश्वविजेते आणि राष्ट्रप्रमुख यांच्याखेरीज कोणी त्याला उघड्या हाताने स्पर्श करू नये, असाही दंडक आहे. एवढे सोवळे असूनही 2022 साली कतारमध्ये जुना सहकारी अग्वेरोच्या खांद्यावर बसून विजेत्या अर्जेंटिनाच्या मेस्सीने जो चषक मैदानभर मिरवला, तो चाहत्यांनी बनवून आणलेला नकली होता. सारे जग ते छायाचित्र पाहून गहिवरले आणि खुद्द मेस्सीलाही फरक नंतरच कळला.

मूळ विजयदेवतेचा एकच अवशेष शिल्लक आहे. विजेत्यांची नावे कोरायला जागा अपुरी पडू लागल्यामुळे 1954 साली तिचा निळा पाया बदलला होता, आणि काढलेला जुना पाया कुठे गेला याची चौकशी कोणी केली नव्हती. तो साठ वर्षांनी फिफाच्या झुरिचमधल्या मुख्यालयाच्या तळघरात सापडला. आता तो तिथल्या संग्रहालयात मांडला आहे. पेटीची मागची बाजू कशाची आहे, तेवढे कोणीतरी पाहून यावे.