तुम्ही विचारलंत म्हणून: सड्यावर न्यायचं बंद का केलं

मंडईत, लग्नात, अगदी दवाखान्याच्या रांगेतसुद्धा तोच प्रश्न. "बाई, सड्यावर न्यायचं बंद का केलंत?" सडा म्हणजे डोंगरमाथ्यावरचं उघडं कातळपठार, तिथं मी तुम्हाला पावसाळ्यात फुलं दाखवायला न्यायचे. गुडघे दुखतात असं सांगून आजवर वेळ मारून नेली. गुडघे दुखतात हे खरंच आहे, पण सड्याच्या आड ते कधी आले नव्हते.

गव्याला भ्याले, असंही काहींना वाटतं. नाही हो. 1958 साली राधानगरी तालुक्यातलं दाजीपूर गव्यांसाठी राखलं गेलं, तेव्हापासून राधानगरी म्हटलं की आपल्या माणसाला गवाच दिसतो. 2012 मध्ये पश्चिम घाटातली 39 ठिकाणं युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेली, त्यांत कासबरोबर राधानगरीही आहे. तरी फुलं बघायला सातारा आणि गवा बघायला राधानगरी, ही वाटणी आपणच करून टाकली. पावसाळ्यात अभयारण्य बंद, म्हणून मी तुम्हाला बाहेरच्या सड्यावर न्यायचे. कुठल्या, ते तुम्हाला ठाऊक आहे. इथं लिहीत नाही.

अंजनी-जांभळाच्या रानातून जळवा झटकत वर आलं की एकदम उघडं. जांभ्या दगडावर जेमतेम बोटभर माती. पाणी फारसं मुरत नाही, पसरून राहतं. मातीत नत्र जवळजवळ नाहीच, ते किड्यांकडून मिळवायचं. दवबिंदू नावाच्या रोपट्याच्या पानावर चिकट थेंब आणि त्यात अडकलेलं चिलट. सीतेची आसवं ही फुलं वरून निळीजांभळी, सोज्वळ. चिखलाखाली मात्र त्यांच्या बारक्या पिशव्या, पापणी लवायच्या आत पाण्यातला जीव ओढून घेणाऱ्या. हे बघायला पोटावर झोपावं लागतं. झोपलेल्या पोरांना मी सांगायचे, "नाव कळलं की माणूस जपतो." माझं लाडकं वाक्य होतं ते.

तर सप्टेंबरातला एक रविवार. आम्ही गेंदाच्या पांढऱ्या बोंडांत बसलो होतो. खालून इंजिनाचा आवाज आला आणि मोठ्या चाकांची एक गाडी सरळ सड्यावर चढली. ओल्या मातीत गोल गोल फिरवायला लागले. एकजण टपावर, एकजण मोबाइल धरून, वर ड्रोन. मी ओरडत गेले, साडीचा काठ चिखलात. गाडी लगेच थांबली. चालवणारा खाली उतरला आणि चक्क पाया पडला. "ओळखलासा काय, बाई?" ओळखलं. दहावीच्या वर्गात दुसऱ्या बाकावर बसायचा. सड्यावर पहिल्यांदा माझ्याबरोबरच आला होता.

तो उर्मट असता तर बरं झालं असतं. मी चार शब्द सुनावले असते आणि घरी येऊन जेवले असते. तो खूश होता. मित्रांना बोलावून म्हणाला, "ह्या आमच्या बाई. ही जागा ह्यांनीच दाखवली." मग चाकाशेजारी उकिडवा बसून त्यानं सीतेची आसवं दाखवली. नाव बरोबर. पिशव्यांचं बरोबर. नत्राचंसुद्धा बरोबर, माझ्याच शब्दांत. मी शिकवलेलं काहीही तो विसरला नव्हता. त्याचा एक पाय चाकानं पाडलेल्या चरात होता आणि त्या चरातून पाणी उताराला लागलं होतं. पसरून राहणारं पाणी असं वाट धरून निघून गेलं की आजूबाजूची माती वेळेआधी सुकते. तेवढं फक्त मी कधी सांगितलं नव्हतं, कारण सड्यावर गाडी येईल हेच डोक्यात नव्हतं.

मी काही बोलले नाही. "सावकाश जा" एवढंच. त्याचा राग अजून येतो, त्याच्यापेक्षा माझा जास्त.

आता तुम्ही म्हणाल, एका पोरावरून सगळ्यांना शिक्षा का? बॉक्साइटसाठी अख्खी पठारं खरवडली जातात, तिथं एका गाडीचं काय घेऊन बसलात? मी स्वतःला हेच विचारते. खाणवाल्याला मी शिकवलं नव्हतं, हे एकच उत्तर सुचतं. ते पुरेसं नाही, कळतंय.

पुढच्या पावसात एकटी जाऊन आले. चर होताच. तिथं म्हशी चारणारे एक मामा भेटले. त्यांना सगळं सांगितलं तर हसले. "म्हसरं बी तुडवत्यातच की, बाई. खुराच्या खळग्यात पाणी ऱ्हातंय, तितंच तुमची ती निळी फुलं लई येत्यात." खाली बघितलं. खुरांच्या खळग्यांत होती खरी, दाट. कासला कुंपण घालून चराई थांबवल्यावर उंच गवतानं बारकी फुलं दडपली, असं म्हणणारेही आहेत. मग म्हैस चालते, तर चाक का नाही? म्हैस गोल गोल फिरत नाही, असं मी तणतणत म्हटलं. मामांनी मान हलवली. पटलं म्हणून की कंटाळून, कुणास ठाऊक.

माझ्यातली ती जुनी बाई मात्र अधूनमधून वाद घालते. कुणाला दाखवलंच नाहीस, तर उद्या खाण आल्यावर ओरडेल कोण? बिनतोड आहे. तरीही नेत नाही.

रानवाटेनं मात्र नेते, सड्याच्या काठापर्यंत. कारवी दाखवते, हिरडा दाखवते, तिथूनच मागं वळायचं. चालत असेल तर रविवारी सहाच्या एसटीला या. बूट घाला, मिठाची पुरचुंडी आणा. मागच्या खेपेला सगळ्यांच्या जळवा मलाच काढाव्या लागल्या.