चारित्र्याचे 84 दिवस

तरुण संघाचा चॅपलेन, म्हणजे संघाला नेमून दिलेला पाळक, व्हायचं तर काय लागतं, असं परवा एका धाकट्या पाळकानं फोनवर विचारलं. प्रार्थना, धीर, गिटारचे दोन-चार कॉर्ड असं काहीतरी सांगावं म्हणून तोंड उघडलं आणि बाहेर पडलं ते, "राहत्या घराचं लाईटबिल कुणाच्या नावावर आहे ते आधी बघ."

तो हसला. मला अजून तितकंसं हसू येत नाही.

जालन्यात आमच्या ख्रिस्ती मंडळीचा तरुण संघ आहे. 15 ते 30 वयाची चाळीसेक पोरं-पोरी. काही स्टीलच्या कारखान्यात पाळीवर जातात, काही अभ्यासिकेत बसतात, दोघी नर्सिंगला आहेत. अध्यक्ष, चिटणीस त्यांच्यातलेच. चॅपलेन मात्र मंडळी नेमते. जुलैत मंडळीचा कारभार बघणाऱ्या पास्टरेट कमिटीत माझं नाव निघालं आणि चहा यायच्या आत ठराव झाला. त्या ठरावाच्या शेवटी एक ओळ होती: पोलिसांचा चारित्र्य पडताळणीचा दाखला आल्याशिवाय चॅपलेननं मुलांबरोबर मुक्कामी जाऊ नये. ओळ बरोबरच होती. संघात 18 च्या आतली मुलं आहेत, मुलांना लैंगिक अत्याचारापासून जपणारा 2012 चा पोक्सो कायदा आहे, आणि गळ्यात पाळकाची पांढरी पट्टी आली म्हणून कुणी आपोआप भरवशाचा होत नाही, असं त्या बैठकीत मीच मोठ्या तोंडानं बोललो होतो.

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात अर्ज ऑनलाइन भरला. आधारवर पत्ता भोकरदन तालुक्यातल्या आमच्या गावचा. राहतो मिशन कंपाउंडातल्या क्वार्टरमध्ये. आठ दिवसांनी ठाण्यातून बोलावणं आलं. ठाण्यात हे काम गोपनीय शाखेकडं असतं. नाव मोठं, पण एक टेबल, एक हवालदार आणि दोरीनं बांधलेले गठ्ठे.

हवालदारांनी अर्ज वाचला. "चॅपलेन म्हणजे? कॅप्टन का?"

मी सांगितलं, पलटणीला, दवाखान्याला किंवा तरुणांच्या संघाला धरून असलेला पाळक. जालन्यात इंग्रजांची छावणी होती, तेव्हा तिथंही असायचे. मग राहवलं नाही म्हणून संत मार्टिनची गोष्टही सांगितली. त्यानं थंडीत कुडकुडणाऱ्या भिकाऱ्याला आपला अर्धा झगा कापून दिला. त्या झग्याला लॅटिनमध्ये कॅपेला म्हणत, आणि तो सांभाळणाऱ्यांवरून चॅपलेन हा शब्द आला. हवालदारांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "झग्याचं ठीक आहे. लाईटबिल?"

लाईटबिल मिशनच्या ट्रस्टच्या नावावर. भाडेकरार नाही, कारण भाडंच नाही. घरपट्टीही ट्रस्टचीच.

"म्हणजे मालक तुम्ही न्हाई, भाडेकरू तुम्ही न्हाई. मंग राहायलात कसे?"

याला बायबलात उत्तर असेल, माझ्याकडं नव्हतं. ट्रस्टचं पत्र आणा, म्हणाले. आणलं, त्यावर शिक्का नव्हता. शिक्का ज्यांच्याकडं ते पुण्याला मुलीकडं गेलेले. पंधरा दिवसांनी शिक्क्याचं पत्र आलं, त्यात कधीपासून राहतो ती तारीख नव्हती. तिसऱ्या पत्रात तारीख होती, पण क्वार्टरचा नंबर शेजारच्याचा. ही तिन्ही पत्रं आपल्याच माणसांनी लिहिलेली, त्यामुळं पोलिसांवर चिडायचीही सोय नव्हती. तुम्ही कुठल्याही मिशनच्या, संस्थेच्या घरात राहत असाल तर पत्राचा मजकूर स्वतः टाइप करून न्या आणि फक्त सही-शिक्का मागा. दोन प्रती घ्या. आधारवरचा पत्ता दुसऱ्या गावचा असेल तर तिथल्या ठाण्याकडूनही विचारणा होऊ शकते, तेव्हा गावातल्या चुलत्यांना आधीच सांगून ठेवा. माझ्या चुलत्याला पोलिसाचा फोन आला तेव्हा त्यानं घाबरून "हा माणूस आमच्यात नाही" असंच सांगितलं होतं.

मधल्या काळात बंदोबस्त. पोळ्याला साहेब बंदोबस्तात, गणपतीत तर विचारूच नका, 17 सप्टेंबरला मुक्तिसंग्राम दिनाचा कार्यक्रम, पाठोपाठ नवरात्र. मोबाईलवर रोज बघायचो: प्रलंबित. एकदा डोकं फिरलं आणि ओळखीच्या नगरसेवकाला फोन करायला लावला. हे करू नका. माझी फाईल त्या दिवसापर्यंत गठ्ठ्यात वरून तिसरी होती. दुसऱ्या दिवशी दिसलीच नाही. "वरून फोन आला नं, मंग वरच्यायनीच द्यावा दाखला," हवालदार गठ्ठ्याकडं बघत म्हणाले. सकाळी अकराला जाऊन बाकड्यावर बसण्यापेक्षा संध्याकाळी पाचनंतर जा, तेव्हा टेबलावर माणूस असतो, हे मला तिसऱ्या महिन्यात कळलं.

संघाचं काम तोवर थांबलं नव्हतं, फक्त मुक्काम बंद. शनिवारी पाळी सुटल्यावर साडेआठला बैठक. पहिल्याच बैठकीत मुलांना एक सांगून टाकलं, तुम्हीही सांगा: तुमच्या मनातलं माझ्यापाशी राहील, पण 18 च्या आतल्या कुणाबरोबर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर मी गप्प बसणार नाही. कायद्यानं ते कळवणं बंधनकारक आहे, पाळकाला त्यातून सूट नाही. 1098 हा मुलांच्या मदतीचा नंबर तेव्हाच फळ्यावर लिहिला. एकट्या मुलाशी बोलायचं तर दार उघडं ठेवून, नाहीतर व्हरांड्यात. आणि शिबिराची वर्गणी चॅपलेननं आपल्या खिशात ठेवू नये. खजिनदाराला ठेवू द्या, चुकेल तर चुकू द्या.

त्या व्हरांड्यातच एक पोरगा बारावीचे कागद घेऊन आला. म्हणाला, "सर, तुमची चारित्र्याची पडताळणी, माझी जातीची. बघू कुणाची आधी होते." त्याच्या आजीनं बाप्तिस्मा घेतला, आजीच्या भावानं नाही. त्या घरातल्या पोरांना दाखला आहे, याला नाही. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशात अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता होता. 1956 ला शीख आले, 1990 ला बौद्ध. ख्रिस्ती अजून बाहेर. घरी काय जेवतात, कुठल्या गल्लीत राहतात, लोक कुठल्या नावानं हाक मारतात, त्यात तसूभर फरक नाही. मी त्याला वकिलाकडं नेलं. वचन काढून दाखवलं नाही. "देव बघून घेईल" हे अशा मुलाला कधीच सांगू नका, त्याला फॉर्मची शेवटची तारीख माहीत असते. माझ्या 84 दिवसांचं रडगाणं मी त्याच्यासमोर पुन्हा गायलो नाही.

शेवटी ऑक्टोबरअखेर हवालदार स्वतः कंपाउंडात आले. शेजारी ज्यांचं गॅरेज आहे त्या चाचांना विचारलं, हे इथं राहतात का? चाचा म्हणाले, "राहतात म्हणजे? दर शनिवारी रात्री दहापर्यंत पोरं घेऊन गातात. सूर लागत नाही, पण माणूस चांगला आहे." हवालदारांनी हे जसंच्या तसं लिहून घेतलं का ते माहीत नाही. सही मात्र चाचांची आहे.

शिबिर म्हैसमाळला होतं, भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवसापासून. मुलं माझ्याशिवाय गेली, मिशन दवाखान्यातल्या एका सिस्टर ताई बरोबर होत्या. शिबिराच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे अर्ज केल्यापासून 84 व्या दिवशी दुपारी, मोबाईलवर मेसेज आला. ई-सेवा केंद्रात रंगीत प्रिंट काढली, लॅमिनेशन केलं (नको म्हणत होता केंद्रातला पोरगा, ऐकलं नाही) आणि मिळेल ती एसटी पकडून आधी संभाजीनगर, मग खुलदाबाद, मग एका दुधवाल्याच्या गाडीवर मागं बसून वर. पोचलो तेव्हा शेकोटी पेटलेली होती, म्हैसमाळची थंडी हाडात शिरत होती. कुणीतरी ओरडलं, "सरला पोलिसांनी सोडलं!" चाळीस पोरं टाळ्या वाजवत उठली. दाखला हातोहात फिरला, कुणीतरी त्यावर चिवडा सांडला.

कमिटीच्या नियमाप्रमाणं हा दाखला तीन वर्षांनी नव्यानं काढायचा. त्या धाकट्या पाळकाला मी माझ्या तिसऱ्या पत्राचा मजकूर पाठवलाय, क्वार्टरचा नंबर दुरुस्त करून. आमचं मीटर अजून ट्रस्टच्याच नावावर आहे.