केमेल उघडेना

सकाळी सव्वानऊला फोन आला. "सर, मेल उघडतच नाहीये. नुसतं गोल गोल फिरतंय." भाषांतर विभागातल्या मॅडम होत्या. आदल्या संध्याकाळी त्यांच्या मशीनवर डेबियन या लिनक्स प्रणालीचं 12 वरून 13 चं अपग्रेड मीच लावून दिलं होतं, त्यामुळे पोटात गोळा आलाच.

"काल मशीन बंद कसं केलंत?"

पलीकडे जरा शांतता. "बंद होतच नव्हतं हो. शेवटी बटण दाबून धरलं."

मॅडम मेलसाठी वापरतात तो केमेल प्रोग्राम स्वतः मेल सांभाळत नाही. ते काम मागे बसलेल्या अकोनाडी या सेवेचं. आणि अकोनाडी आपला संसार डेटाबेसमध्ये मांडते. त्यासाठी ती लॉगिन झाल्यावर त्या वापरकर्त्यापुरता एक वेगळा मारियाडीबी गुपचूप सुरू करते. म्हणजे टेबलावरच्या साध्या मशीनमध्ये एक अख्खा डेटाबेस सर्व्हर चालू असतो आणि वापरणाऱ्याला त्याचा पत्ताही नसतो. मला पत्ता होता, पण त्याला 'सर्व्हर' म्हणून मी कधी मोजलंच नव्हतं.

स्टेटस पाहिलं, अकोनाडी बंद. डेटाबेसच्या फोल्डरातली एरर फाइल उघडली. सार एवढंच, की लॉग मारियाडीबीच्या 10.11 ने लिहिलेला आहे, बंद नीट झालेलं नाही, आणि 11.8 तो पुढे चालवणार नाही. मारियाडीबीचं साठवणीचं इंजिन, इनोडीबी, प्रत्येक बदल आधी लॉगमध्ये टिपते आणि मग सवडीने टेबलांच्या फाइलींत उतरवते. मध्येच वीज गेली, तर पुढच्या वेळी लॉग वाचून अर्धवट राहिलेलं निस्तरते. मात्र निस्तरणारी आवृत्ती तीच लागते. निस्तरायचं राहिलेलं असताना मोठी आवृत्ती बदलली की नवा सर्व्हर सुरूच व्हायला तयार होत नाही. डेबियन 13 च्या रिलीज नोट्समध्ये हे याच दोन आवृत्त्यांचं उदाहरण देऊन लिहिलेलं आहे. सर्व्हर रूममधल्या मशीनसाठी मी त्या ओळी नीट वाचल्या होत्या. डेस्कटॉपच्या वेळी आठवल्याही नाहीत.

अशा वेळी सर्रास मिळणारा सल्ला म्हणजे अकोनाडीचा फोल्डर उडवा, मेल आयमॅप सर्व्हरवर आहेतच, पुन्हा उतरतील. मीही कमांड टाइप करून बसलो होतो. एंटर मारण्याआधी सहज विचारलं, "काल दुपारी मेल सर्व्हर देखभालीसाठी बंद होता, तेव्हा काय करत होतात?"

"जुने मेल निवडून वेगवेगळ्या फोल्डरांत लावले ना. तीन तास गेले."

एंटरवरचा हात मागे घेतला. सर्व्हरपर्यंत न पोचलेले बदल अकोनाडीकडेच रांगेत उभे असतात. फोल्डर उडवला असता, तर मेल परत आले असते, पण सगळे जुन्या जागी. मॅडमचे तीन तास पाण्यात.

आधी अख्ख्या फोल्डरची प्रत काढली. मग दुसऱ्या मशीनवर डेबियन 12 चा कंटेनर, म्हणजे मशीनच्या आत वेगळी बंदिस्त प्रणाली, उभा केला, त्यात 10.11 चढवला आणि त्याला त्या प्रतीवर सोडला. पहिल्यांदा परवानगीवरून अडला, कारण फाइलींचा मालक वेगळा दिसत होता. तो बदलला. मग लॉग वाचून दुरुस्ती मिनिटभरात उरकली, म्हणजे सकाळपासूनची सगळी धावपळ या एका मिनिटासाठी! बंद होताना घाई न करता सगळं उरकावं म्हणून फास्ट शटडाउनची सेटिंग शून्यावर आणली, सर्व्हर रीतसर बंद केला, फाइली जागच्या जागी ठेवल्या, अकोनाडी सुरू. या वेळी 11.8 ने कुरकुर केली नाही. रांगेतले मेल एकेक करून सर्व्हरवर सरकताना आम्ही दोघंही स्क्रीनकडे बघत उभे होतो.

"पुढच्या अपग्रेडला पुन्हा हेच का?" मॅडमचा प्रश्न रास्त होता.

मारियाडीबीच्या जागी मनातून मला पोस्टग्रेस हा दुसरा डेटाबेस सर्व्हर हवा होता. रोजचा हात बसलेला, विश्वासाचा. पण डेबियन 12 मध्ये तो 15 आहे आणि 13 मध्ये 17. पंधराचा डेटा फोल्डर सतराला जसाच्या तसा उघडता येत नाही, स्थलांतर करावं लागतं. म्हणजे दुखणं तेच, फक्त डॉक्टर माझ्या ओळखीचा.

राहिला एसक्यूलाइट, साध्या फाइलीत मावणारा डेटाबेस. अकोनाडीच्या बाबतीत त्याचं नाव फार दिवस खराब होतं. अकोनाडीचे अनेक धागे, म्हणजे समांतर चालणारी कामं, एकाच वेळी लिहायला धावतात आणि एसक्यूलाइट एका वेळी एकालाच लिहू देतो, मग सगळे एकमेकांसाठी अडून बसायचे. केमेल आणि अकोनाडी बनवणारे केडीईवाले स्वतःच तो वापरू नका म्हणत. पुढे त्यांनीच ती अडचण दूर करायचं मनावर घेतलं आणि एका डेटाबेसमधून दुसऱ्यात नेणारं साधनही दिलं. आणि मला हवी असलेली गोष्ट एसक्यूलाइटकडे होती. त्याचा फाइलींचा साचा 2004 मधल्या तिसऱ्या आवृत्तीपासून जुन्या फाइलींशी इमान राखून आहे, आणि 2050 पर्यंत आधार देण्याचा एसक्यूलाइट बनवणाऱ्यांचा इरादा आहे. वेगळा सर्व्हरच नाही, अकोनाडीच्या पोटातली एक लायब्ररी. वेगाचे आकडे मी बघितलेही नाहीत. एका माणसाच्या मेलला वेग पुरतोच.

एक गोष्ट तेवढी तपासली. मॅडमचा होम फोल्डर मशीनच्याच डिस्कवर आहे ना? नेटवर्कवरच्या डिस्कवर, एका वेळी एकालाच लिहू देणाऱ्या फाइलींच्या कुलपांचा भरवसा नसतो, आणि एसक्यूलाइटचा सगळा कारभार त्या कुलपांवर. डिस्क स्थानिक होती.

अकोनाडीचं एसक्यूलाइटचं पॅकेज टाकलं, अकोनाडी थांबवली, मायग्रेटर चालवला. तो सरकत होता तोवर मी तक्रारीच्या तिकिटाचा मजकूर लिहिला. 'कारण' या रकान्यात बटणाचा उल्लेख केला नाही. अपग्रेडआधी अकोनाडी थांबवायची राहिली, असं माझ्या नावावर लिहिलं. प्रोसेसच्या यादीत पाहिलं, मारियाडीबी दिसेनासा झाला होता.

"मग आता बटण दाबून धरलं तर चालेल?"

"नाही मॅडम."

दुपारी बाकीची मशीन बघितली. आणखी सात ठिकाणी असाच मारियाडीबी चालू होता. सहा जणांचं स्थलांतर त्याच आठवड्यात झालं. सातव्याचा होम फोल्डर नेटवर्कवर आहे, तो अजून मारियाडीबीवरच आहे, आणि त्याच्या मशीनचं अपग्रेड मी स्वतः समोर बसून करणार आहे.