नागपूरच्या मे महिन्यात ५ गिगाहर्ट्झ

आमच्याकडे कूलर म्हणजे खिडकीत बसवलेला लोखंडी डबा, खसच्या ताट्या आणि दर संध्याकाळी बादलीनं भरायची टाकी. त्यामुळे कॉम्प्युटरला पाण्याचा कूलर आणतोय म्हटल्यावर बाबांनी सरळ विचारलं, "त्यात पाणी कोण भरणार बे?" मी हसलो होतो.

लग्नाचे व्हिडिओ एडिट करणं हा माझा धंदा. इंटेलचा आय७-८७००के हा प्रोसेसर घेतला तो ओव्हरक्लॉक करता येतो, म्हणजे ठरलेल्या वेगाच्या वर पळवता येतो म्हणूनच. त्याचे सहाही कोअर (आतले हिशेब करणारे भाग) कामाला लागले की तो मुळात ४.३ गिगाहर्ट्झवर चालतो, मी ५ वर नेला. त्यासाठी व्होल्टेज १.२० वरून १.३२ व्होल्ट करावं लागलं आणि खरी गोम तिथेच आहे. उष्णता वेगाच्या प्रमाणात वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात. हिशेब केला तर वेग वाढला १६ टक्के आणि उष्णता जवळपास ४० टक्के. त्यात या पिढीत इंटेलनं चिप आणि वरचं झाकण यांच्यामध्ये सोल्डरऐवजी पेस्ट वापरली आहे, म्हणजे उष्णता बाहेर पडतानाच अडखळते. लोक ते झाकण उघडून आत लिक्विड मेटल भरतात. माझी हिंमत झाली नाही.

सुरुवातीला प्रोसेसरवर चार हीटपाइपचा (उष्णता वर नेणाऱ्या तांब्याच्या नळ्यांचा) साधा, पंख्याचा टॉवर कूलर होता. डिसेंबरात खोलीत २२ अंश असताना रेंडरला, म्हणजे एडिट केलेला व्हिडिओ तयार होताना, प्रोसेसरचे ८८ दिसायचे, ठीक होतं. मे महिन्यात खोली ३६ वर गेली (घरचा कूलर चालू असूनही) आणि प्रोसेसरनं १०० गाठून स्वतःच वेग कमी केला. खोली आणि प्रोसेसर यांच्या तापमानातला फरक तोच राहतो, फक्त खालची पायरी वर सरकते, हे तेव्हा डोक्यात शिरलं.

मग बर्डीवरून (सीताबर्डीच्या बाजारातून) लिक्विड कूलिंग आणलं, २४० मिलिमीटरच्या रेडिएटरचं, म्हणजे पाणी गार करणाऱ्या जाळीचं. पाच मिनिटांच्या टेस्टला ८२! मित्रांना स्क्रीनशॉट पाठवून झाले. अर्ध्या तासानं बघतो तर ९१. पाणी तापायला वेळ घेतं, म्हणून सुरुवातीचे आकडे गोड दिसतात. घरच्या कूलरमध्ये पाण्याची वाफ होते, म्हणून हवा गार होते. इथे वाफ होतच नाही. पाणी फक्त हमाल, प्रोसेसरची उष्णता उचलून रेडिएटरपर्यंत नेणारा. तिथून ती बाहेर काढायला शेवटी खोलीतली हवाच.

चूक मात्र माझीच झाली. कॉम्प्युटरच्या कॅबिनेटमध्ये वर जागा नव्हती म्हणून मी रेडिएटर तळाशी बसवला. प्रोसेसरवर बसलेला पंप सगळ्यात उंचावर आला आणि आतली हवा त्याच्यातच साचत गेली. आधी माठातून पाणी ओतल्यासारखा गुडगुड आवाज यायचा. दीड वर्षानं एका रात्री संगीत सोहळ्याचं रेंडर ७० टक्क्यांवर असताना मशीन बंद. पुन्हा चालू केलं आणि हात लावून पाहिला: पंपाजवळची नळी चटका बसेल इतकी गरम, रेडिएटर थंडगार. पाणी फिरतच नव्हतं. आणि बाबांचा प्रश्न आठवला, कारण यात पाणी भरायची सोयच नव्हती, सगळं सीलबंद.

पार्टीला दोन दिवसांची मुदत मागितली आणि नॉक्टुआ कंपनीचा एनएच-डी१५ हा पुन्हा हवेचाच कूलर घेतला. दोन १४० मिलिमीटरचे पंखे, सहा हीटपाइप, वजन १.३ किलो. बसवताना मदरबोर्ड वाकतो की काय असं वाटत होतं. ५ गिगाहर्ट्झवर हा ९३ दाखवतो, म्हणजे पाण्यापेक्षा दोनच अंश जास्त. पंखा गेला तर पंखा बदलायचा, बाकी सगळं नुसतं धातू. मी तरीही ४.८ आणि १.२४ व्होल्टवर उतरलो. आता ८४ च्या वर जात नाही आणि तासाभराच्या रेंडरला दोन-तीन मिनिटं जास्त लागतात, तेवढ्यात चहा होतो.

एकच भानगड राहिली. कूलरची उंची १६५ मिलिमीटर आणि माझ्या कॅबिनेटची मर्यादा १६०. विकत घेण्याआधी मोजलं कोणी? बाजूची काच लागतच नाही, ती दोन वर्षं कपाटामागे उभी आहे. दर रविवारी ब्रशनं धूळ काढतो, त्याच वेळी बाबा खिडकीतल्या कूलरच्या ताट्या झटकत असतात.