लेकीचा अंगठा सुटला, त्याची गोष्ट

माझी मुलगी साडेचार वर्षांची झाली तरी तिचा उजवा अंगठा तोंडातून सुटत नव्हता. बहुतेक मुले दोन ते चार वर्षांच्या दरम्यान ही सवय आपणहून सोडतात, हे माहीत असल्यामुळे मी निर्धास्त होते; पण एकदा तिची नखे कापताना त्या अंगठ्यावर पडलेला घट्टा दिसला, आणि दात मिटायला सांगितले तेव्हा मागचे दात टेकूनही पुढच्या वरच्या-खालच्या दातांत फट राहत असल्याचे लक्षात आले. दंतवैद्यांनी समजावले की कायमचे दात येण्याआधी, म्हणजे साधारण सहाव्या वर्षाच्या आत सवय सुटली, तर अशी फट बहुधा आपोआप कमी होते. टाळूला तारेची जाळी बसवण्याचा उपाय त्यांनी सांगितला, पण तो बाकी सगळे करून झाल्यावर.

त्याआधी मी करू नये ते सगळे केले होते. अंगठ्याला कडू औषध लावले. पहिल्या दिवशी ती रडली आणि चौथ्या दिवशी तिने ते शांतपणे चाटून टाकले. ‘अंगठा काढ’ असे दिवसभर म्हणत राहिल्याने एवढेच झाले, की ती पडद्यामागे जाऊन चोखू लागली.

मग मी बोलणे थांबवले आणि आठवडाभर अंगठा नेमका केव्हा तोंडात जातो, ते एका वहीत टिपले. झोपेची वेळ आणि टीव्हीची वेळ अपेक्षितच होती. तिसरी नोंद मात्र मी रागावल्यानंतरची होती, आणि ती वारंवार होती. शिवाय दर वेळी तिच्या डाव्या हातात दुलईचे टोक असे. दुलई धुवायला टाकली त्या दुपारी अंगठाही बाहेरच राहिला होता.

तिच्याशी बोलून आम्ही दुलई दिवसा पलंगावरच ठेवायची असे ठरवले. टीव्हीसमोर तिच्या हातात मातीचा गोळा दिला. अंगठा बाहेर दिसला की मी तेवढ्यापुरते कौतुक करी, आत दिसला तर गप्प राही (हे गप्प राहणे मला सर्वांत जड गेले). ज्या दिवशी दिवसभर अंगठा तोंडात गेला नाही, त्या दिवशी ती स्वतः कॅलेंडरवर चांदणी चिकटवी. रात्रीचा विषय आम्ही महिनाभर काढलाच नाही. नंतर तिनेच सुती हातमोजा मागितला, त्याच्या अंगठ्यावर डोळे काढून घेतले आणि तो घालून झोपू लागली. मध्येच ताप आला तेव्हा सगळे मागे गेले. दोन आठवडे चांदण्या नव्हत्या आणि मी त्याबद्दल विचारलेही नाही.

साधारण साडेतीन महिन्यांनी हातमोजा उशीखालीच राहू लागला. पुढच्या तपासणीत दातांतली फट कमी झालेली होती. त्या अंगठ्याचे नख सतत ओले राहून मऊ आणि झिजलेले असायचे. आता ते इतर नखांच्या बरोबरीने वाढते आणि दर रविवारी कापावे लागते.