पोळ्याच्या बैलाचा पाय आणि आमचा पाइप

पोळ्याला घरी आलो होतो, यावल साइडला आमचं गाव. आई ओट्यावर काळ्या मातीचे बैल करत होती, भाचा तळहातावर माती वळून पाय बनवत होता. एक पाय मोडला तर मधोमध भोक! आई म्हणाली, "अरे एवढा दाबून वळू नको, पोकळ होतो." मी बघतच राहिलो, कारण बारा वर्षं मी ज्या मिलवर ड्युटी करतोय तिथे नेमकं हेच चालतं.

आपल्या जळगावात पाइप म्हटलं की पीव्हीसी नाहीतर ठिबकची नळी, त्यामुळे मी सीमलेस, म्हणजे बिनजोडाच्या पोलादी पाइपचं काम करतो म्हटलं की लोकं विचारतात, एवढ्या जाड लोखंडाला ड्रिल मारता का? नाही हो. गोल भरीव बिलेट, म्हणजे पोलादाचा लांबट ठोकळा, फर्नेसमधे 1200 डिग्रीच्या आसपास तापवायचा आणि दोन फुगीर रोलच्या मधे घालायचा. दोन्ही रोल एकाच दिशेने फिरतात पण थोडे तिरके बसवलेले असतात, म्हणून बिलेट गरगर फिरतो पण आणि पुढे पण सरकतो. दोन बाजूंनी दाबलं की मधे आडवा ताण पडतो, अन् फिरता फिरता तो ताण सगळ्या दिशांनी त्या गाभ्यावरच येत राहतो, शेवटी गाभा सैल पडून फाटायला येतो. बरोबर तिथेच दांड्यावर टोकदार प्लग धरलेला असतो, बिलेट त्याच्यावर चढत जातो.

खरं कसब इथे आहे. गाभा फाटायला आलेला पाहिजे, पण प्लगच्या आधी फाटता कामा नये, नाहीतर आतून चिरा आणि पापुद्रे. नवीन असताना माझ्याकडून प्लग जरासा मागे राहिला होता, आख्खा नग भंगारात. त्या रात्री जेवण गेलं नाही.

ही युक्ती जर्मनीतल्या रेमशाइडच्या राइनहार्ड आणि माक्स मानेसमान या भावांची, 1885 चं पेटंट, घरचा धंदा कानशी बनवायचा. आज भुसावळजवळच्या दीपनगरसारख्या वीज केंद्रात बॉयलरच्या ट्यूबमधे दर चौरस सेंटिमीटरला दीडशे किलोच्या वर प्रेशर असतं, तिथे लांबीभर जोड असलेल्या पाइपवर माझा तरी जीव बसत नाही.

मग मी भाच्याला मातीची वळी परत दाबून वळायला लावली आणि समोरून निंबाची काडी धरली. तिसऱ्या वेळी काडी बरोबर मधोमध शिरली. आईने ती वळी घेऊन परत मातीत कालवली, तिला बैलाला भरीव पाय पाहिजे होता.