डावखुऱ्यांचा पुतळा

आज बाबांना लॉस एंजेलिसचं डॉजर स्टेडियम, म्हणजे डॉजर्स या बेसबॉल संघाचं मैदान, दाखवायला घेऊन गेले. बाबा डावखुरे. लहानपणी पाटीवर डाव्या हाताने लिहिलं की मार बसायचा, म्हणून लिहितात तेवढं उजव्याने.

तिथे सँडी कोफॅक्स या बेसबॉलच्या पिचरचा (चेंडू फेकणाऱ्याचा) पुतळा आहे, चेंडू फेकण्याच्या पवित्र्यात. बाबा थबकलेच. "अगं, हा डावखुरा!"

मग मी सांगतच सुटले. न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिनचा मुलगा, १९५५ मध्ये १९ व्या वर्षी डॉजर्स संघात आला. वेग अफाट, पण चेंडूला दिशा नाही. पहिल्या सहा हंगामांत त्याच्या नावावर ३६ विजय, ४० पराभव. १९६१ च्या सरावात नॉर्म शेरी या कॅचरने (चेंडू झेलणाऱ्याने) सुचवलं, जरा कमी जोर लाव. तिथून सगळं पालटलं. १९६५ मध्ये एका सामन्यात २७ च्या २७ फलंदाज बाद, एकही पहिल्या बेसवर पोचला नाही! त्याच वर्षी वर्ल्ड सिरीजचा, म्हणजे बेसबॉलच्या अंतिम मालिकेचा, पहिला सामना योम किप्पुर या ज्यूंच्या पवित्र दिवशी आला. हा ज्यू, त्या दिवशी खेळला नाही. सातव्या, निर्णायक सामन्यात मात्र फक्त दोन दिवसांच्या विश्रांतीवर चेंडू फेकले आणि समोरच्यांना एकही धाव दिली नाही. मला त्याचं हेच सगळ्यात मोठं वाटतं.

डाव्या कोपराला संधिवात होता. १९६६ मध्ये २७ सामने जिंकून, तिशीतच निवृत्त झाला.

बाबा म्हणाले, "तिशीत? अरेरे." आणि नकळत स्वतःचं डावं कोपर चोळत राहिले. घरी येताना पेन मागितलं. तिकिटाच्या मागे डाव्या हाताने आपलं नाव लिहिलं. अक्षर वाकडं आलंय. मी ते जपून ठेवलंय.